शाळेचे दार उघडे, महाविद्यालयाचे बंद

अधिवासाच्या दाखल्याचे महत्त्व सीमाभागातील पालकांना सांगावयास नको. एका कागदावाचून मुलाचा प्रवेश अडावा, ही गोष्ट त्यांना अपरिचित नाही. परंतु ज्याच्यापाशी दाखवावयास कागदच नाही, त्या मुलाने काय करावे? अमेरिकेत हा प्रश्न लाखो तरुणांपुढे उभा आहे. त्यांतील पुष्कळांना आईबापांनी लहानपणीच परवान्यावाचून त्या देशात आणले. त्यांची शाळा तिथली, सवंगडी तिथले, बोलणेचालणेही तिथलेच. पण कायद्याच्या लेखी ती मुले तिथली नव्हेत.

१९७५ साली टेक्सास राज्याने अशा मुलांच्या शिक्षणाचा खर्च देण्याचे नाकारले. पुढे टायलर या गावच्या शाळांनी त्यांच्याकडून वर्षाला १,००० डॉलर फी मागितली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८२ साली न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो कायदा रद्द ठरविला. आईबापांच्या वर्तनाचा भार मुलांवर टाकणे न्याय्य नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

तथापि हा निर्णय शालेय शिक्षणापुरताच आहे. बारावी संपली की त्याचे छत्र संपते. पुढे बहुतेक राज्यांत प्रवेशास उघड मनाई नाही. मनाईचे काम पैसाच करतो. सरकारी विद्यापीठांत राज्याच्या रहिवाशांना एक फी आणि बाहेरच्यांना दुसरी, कित्येकदा दुपटीहून अधिक. केंद्र सरकारचे अनुदान व कर्ज या विद्यार्थ्यांना मिळत नाही. नोकरी करून शिकावे, तर कामाचा परवाना नाही. साउथ कॅरोलायनाने तर २००८ साली सरकारी महाविद्यालयांत त्यांना प्रवेशच नाकारणारा कायदा केला.

याउलट टेक्सासनेच २००१ साली, राज्यात तीन वर्षे राहून तेथील शाळेतून उत्तीर्ण झालेल्यांना रहिवाशांची फी लागू केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियानेही तसाच कायदा केला. पुढे इतर अनेक राज्ये त्याच वाटेने गेली. परंतु जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने टेक्सासवर दावा लावला, राज्याने विरोध केला नाही, आणि त्याच दिवशी न्यायालयाने ती सवलत रद्द केली. चोवीस वर्षांची तरतूद एका दिवसात गेली.

ज्या मुलास सरकारी खर्चाने बारा वर्षे शिकविले, त्याची बुद्धी फुलण्याच्या वयात त्याच्यापुढे अडसर घालावयाचा, यात मुलाची हानी तर आहेच. पण त्याच्या शिक्षणावर पैसा खर्च करणाऱ्या समाजाचाही त्यात तोटाच नाही काय?