यंत्राशी ओळख – भाग ९ : दरवर्षी नवी आवृत्ती, पण नवे काय?

जून लागला की सिंदेवाही, धानोरा, कोरची अशा कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी सेवा केंद्रासमोर रांग लागते. उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाईल. आणि कॉलेज प्रवेशाची शेवटची तारीख डोक्यावर. त्यात वीज जाऊन संगणक बंद पडला, पुन्हा सुरू केला आणि पडद्यावर अपडेटची टक्केवारी मुंगीच्या पावलाने सरकू लागली, की अर्धा-पाऊण तास गेलाच. सकाळच्या एसटीने आलेल्या माणसाला परतीची गाडी चुकण्याची धास्ती असते आणि केंद्रचालकाच्या हातात काहीच नसते. ऑपरेटिंग सिस्टीमची दरवर्षी येणारी नवी आवृत्ती आपल्याला नक्की काय देते, हा प्रश्न म्हणूनच चंद्रपूर-गडचिरोलीत पुण्या-मुंबईपेक्षा जास्त टोचतो.

माझे मत आधीच सांगतो. वार्षिक आवृत्तीत आपल्या कामाचे फारच थोडे असते. दर महिन्याच्या दुरुस्तीत मात्र खूप असते आणि ती टाळणे धोक्याचे आहे. आपण दोन्हींना ‘अपडेट’च म्हणतो, त्यामुळे एकाचा राग दुसऱ्यावर निघतो. वार्षिक अपडेटने छळले म्हणून गावातला पोरगा सगळीच अपडेट बंद करून देतो, आणि तिथून खरे संकट सुरू होते.

ते संकट कसे असते, हे २०१७मध्ये जगाने पाहिले. विंडोजमध्ये एक मोठी फट होती. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी तिची दुरुस्ती पाठवली. ज्यांनी ती घेतली ते वाचले. ज्यांनी घेतली नाही त्यांच्यातल्या अनेकांच्या संगणकांत १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम घुसला, फायलींना कुलूप लावले आणि खंडणी मागितली. पुढच्याच महिन्यात त्याच फटीचा उपयोग करणारा दुसरा हल्ला आला आणि न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे कामकाज अडले. दोन्ही वेळा इलाज आधीच तयार होता, फुकट होता. आजही मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात आणि वेळेच्या फरकामुळे आपल्याकडे साधारण त्या रात्री किंवा बुधवारी पोचतात. ज्या संगणकावर लोकांचे आधार क्रमांक, सातबारा आणि बँकेचे तपशील दिवसभर येतात-जातात, तिथे ही दुरुस्ती चुकवू नये.

वार्षिक आवृत्तीची गोष्ट वेगळी. पूर्वी विंडोजची नवी आवृत्ती येण्यात वर्षे जायची. एक्सपी २००१मध्ये आली आणि तिच्यानंतरची व्हिस्टा बाजारात यायला २००७ उजाडले. ॲपलने मॅकसाठी २०१२पासून वर्षाला एक आवृत्ती असा नेम धरला. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०पासून, म्हणजे २०१५नंतर, वर्षाला दोन आवृत्त्या काढायचा सपाटा लावला. ऑक्टोबर २०१८ची आवृत्ती बाहेर पडली आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फायलीच पुसल्या गेल्या. कंपनीला ती आवृत्ती थांबवावी लागली आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा सोडावी लागली. २०२१पासून मायक्रोसॉफ्टनेही वर्षाला एक असा वेग ठेवला आहे.

या वार्षिक आवृत्तीच्या पोटात काय असते, ते विंडोज ११ची २५एच२ पाहिली की कळते. सप्टेंबर २०२५च्या अखेरीस आलेली ही आवृत्ती, आधीची २४एच२ असलेल्या संगणकासाठी, अगदी छोटी फाईल आहे. तिच्यातले बहुतेक सगळे दर महिन्याच्या दुरुस्त्यांबरोबर आधीच संगणकात येऊन बसलेले असते. ही फाईल फक्त ते चालू करते. मग तिचे महत्त्व काय? घरगुती आणि प्रो विंडोजच्या प्रत्येक वार्षिक आवृत्तीला २४ महिने दुरुस्त्या मिळतात. नवी आवृत्ती घेतली की ती मुदत नव्याने सुरू होते. सामान्य वापरणाऱ्यासाठी वार्षिक आवृत्तीचा सर्वांत मोठा उपयोग हाच, आणि तो जाहिरातीत दिसत नाही. तारीख आधी ठरते, मग तिच्यात भरायला वैशिष्ट्ये शोधली जातात, त्यामुळे दरवर्षी बटणांचे कोपरे गोल होतात आणि मेन्यू इकडचा तिकडे जातो. ॲपलने २००९मध्ये ‘स्नो लेपर्ड’ आणताना नवे काही नाही, आहे तेच पक्के केले आहे, असे उघड सांगितले होते. ती आवृत्ती लोक अजून आठवणीने सांगतात.

मराठी माणसाला ऑपरेटिंग सिस्टीमने दिलेली सर्वांत मोठी गोष्ट अशा कुठल्याही वार्षिक वेळापत्रकातून आलेली नाही. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव या फॉन्टांचे दिवस ज्यांनी कचेरीत काढले त्यांना हे सांगायला नको. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरीची चित्रे बसवलेली असत. गडचिरोलीला जिल्हा परिषदेत टाइप केलेला तक्ता भामरागडच्या पंचायत समितीत उघडला आणि तोच फॉन्ट तिथे नसला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा. गावांची यादी अकारविल्हे लावता येत नसे, नाव शोधता येत नसे, कारण संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतेच. विंडोज २०००मध्ये युनिकोड देवनागरी, मंगल फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कळफलक आला. एक्सपीत ही सोय होती, पण लपलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक चौकट टिचकावी लागे, मग संगणक विंडोजची सीडी मागे आणि ती सीडी कुणाकडेच नसे. व्हिस्टा आणि २००९च्या विंडोज ७पासून देवनागरी काही न करता दिसू लागली. ‘धानोऱ्याला’ या शब्दातला ऱ्या नीट उमटण्यासाठी इतकी वर्षे गेली. फोनवर आणखी उशीर झाला. अँड्रॉइडच्या जुन्या फोनवर जोडाक्षरे तुटत, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच बाजूला जाऊन बसे. संपूर्ण फोन मराठीत करण्याची सोय २०१४च्या अँड्रॉइड ५मध्ये आली. आज आशाताई आणि ग्रामसेवक व्हॉट्सॲपवर सरळ मराठीत लिहितात, त्याच्या मुळाशी हे काम आहे. याला मी सुधारणा म्हणतो.

गोंडी भाषेच्या बाबतीत ही सुधारणा अर्धवट राहिली आहे. मसराम गोंडी लिपी २०१७मध्ये युनिकोडमध्ये आली आणि आपल्या शेजारच्या आदिलाबाद भागातली गुंजाला गोंडी २०१८मध्ये. पण युनिकोडमध्ये अक्षराला क्रमांक मिळाला म्हणून ते पडद्यावर उमटत नाही. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये फॉन्ट हवा, टाइप करायला कळफलक हवा, आणि फोन विकत घेतल्या दिवसापासून दोन्ही त्यात हवेत. वेगळे उतरवून घ्या म्हटले की शंभरातले नव्वद जण तिथेच थांबतात. एटापल्लीतल्या शाळकरी मुलीला कालपर्यंत न येणारी गोष्ट आज फोनवर करता येते का, या कसोटीवर मी नवी आवृत्ती तोलतो. गोल कोपऱ्यांना या कसोटीत गुण नाहीत.

फोनच्या वार्षिक आवृत्त्या संगणकाच्या मानाने जास्त खोल बदल करतात, हे मान्य केले पाहिजे. त्यातले काही बदल खरोखर चांगले आहेत आणि नेमके तेच आपल्याकडे अडतात. उदाहरणार्थ, शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः करायचे ई-पीक पाहणीचे ॲप १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर लागू झाले. फक्त धान घेणारा शेतकरी ते खरिपात एकदा उघडतो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. इकडे २०२०च्या अँड्रॉइड ११पासून नियम असा, की काही महिने न वापरलेल्या ॲपची लोकेशन, कॅमेरा वगैरेंची परवानगी फोन आपणहून काढून घेतो. विसरलेले ॲप गुपचूप आपला माग काढत राहू नये, हा हेतू योग्यच आहे. पण बांधावर उभ्या शेतकऱ्याला एवढेच दिसते की गेल्या वर्षी चाललेले ॲप यंदा जागा पकडत नाही. तो ॲपला दोष देतो, नाहीतर नेटवर्कला. इलाज साधा आहे: फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या पानावर जावे, लोकेशन आणि कॅमेऱ्याची परवानगी पुन्हा द्यावी, आणि वापर नसेल तर परवानगी काढून घेण्याचे बटण त्या ॲपपुरते बंद करावे. तलाठी कार्यालयाच्या फलकावर हे चार ओळींत लिहिले तर हंगामात कितीतरी हेलपाटे वाचतील.

वनरक्षकाच्या फोनचेही असेच. व्याघ्र प्रकल्पांत गस्तीची नोंद ठेवण्यासाठी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्थेने २०१०मध्ये एम-स्ट्राइप्स ही पद्धत आणली. २०१८च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत तिचे मोबाईल ॲप वापरले गेले. ताडोबात वनरक्षक आपल्या नियतक्षेत्रात पायी फिरतो, फोन खिशात असतो, पडदा बंद असतो आणि ॲपने त्याच्या वाटेचा एकेक बिंदू टिपत राहायचे असते. बॅटरी वाचावी म्हणून २०१५च्या अँड्रॉइड ६ने स्वस्थ पडलेल्या फोनमधली मागची कामे लांबवायला सुरुवात केली आणि २०१७च्या अँड्रॉइड ८ने मागे चाललेल्या ॲपला तासातून मोजक्याच वेळा जागा कळेल असे बंधन घातले. ॲप लिहिणाऱ्याने नव्या नियमाप्रमाणे सतत दिसणारी सूचना ठेवून ते जागे ठेवले नाही, किंवा फोनच्या कंपनीने बॅटरीचा आणखी कडक नियम लावला, तर नकाशावर गस्तीची रेघ मध्येच तुटते. चालणाऱ्याचे श्रम खरे असतात, नोंदीत मात्र ते येत नाहीत. कागदावर ठपका आला तर तो चालणाऱ्यावर येतो, याचे मला वाईट वाटते. अशा कामाच्या फोनला नवी आवृत्ती देण्याआधी एका फोनवर ती घालून एक पूर्ण गस्त फिरून पाहावी आणि गणनेच्या आठवड्यात तर कुठल्याही फोनची आवृत्ती बदलू नये.

उलट बाजूही आहे. फोन जिथल्या तिथे राहतो आणि ॲप पुढे निघून जाते. अंगणवाडी सेविकांना २०१९च्या सुमारास शासनाने फोन दिले. रॅम जेमतेम दोन जीबी. २०२१मध्ये पोषण ट्रॅकर ॲप आले. फोन तापतो, अडकतो, जागा उरत नाही, ॲप इंग्रजीत आहे, अशा तक्रारी करून दमलेल्या सेविकांनी त्या ऑगस्टमध्ये राज्यभर ते फोन शासनाला परत केले. २०२३च्या संपातही चांगला मोबाईल ही एक मागणी होती. जिथे मूल तोलायचे, त्याच्या दंडाचा घेर मोजायचा आणि आईशी बोलायचे, तिथे सेविका फोन थंड होण्याची वाट पाहत बसे. फोन खरेदी करतानाच त्याला किती वर्षे दुरुस्त्या आणि आवृत्त्या मिळतील हे निविदेत लिहून घेतले पाहिजे. किमतीच्या रकान्याइतकाच हा रकाना महत्त्वाचा आहे.

आता सेवा केंद्रांपुढचा ताजा प्रश्न. विंडोज १०ला मिळणारी नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ढोबळमानाने २०१७नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१५-१६मध्ये घेतलेला, आजही धडधाकट चालणारा ग्रामपंचायतीचा संगणक अपात्र. सुरक्षेचे कारण खोटे नाही, पण चांगले यंत्र असे बाद करणे मला पटत नाही. त्याचा भुर्दंड लहान ग्रामपंचायतीला आणि स्वतःच्या पैशाने केंद्र उभे करणाऱ्या तरुणाला बसतो.

करायचे काय? घरगुती संगणकासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत दुरुस्त्यांची वाढीव मुदत ठेवली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की ती मोफत मिळते. संस्थांना पैसे भरून तीन वर्षांपर्यंत घेता येते, मात्र दर वर्षागणिक दुप्पट होतो. ज्या संगणकाला विंडोज ११ चालते तिथे ती घ्यावी, पण जून-जुलैची गर्दी ओसरल्यावर. सेटिंगमध्ये कामाचे तास सकाळी आठ ते रात्री आठ असे भरावेत, म्हणजे त्या वेळात संगणक आपणहून बंद-चालू होणार नाही. इंटरनेट मोबाईलच्या डेटावर असेल तर ती जोडणी ‘मीटर्ड’, म्हणजे मोजक्या डेटाची, अशी नोंदवावी आणि कित्येक जीबीची मोठी आवृत्ती तालुक्याला चांगल्या जोडणीवर उतरवावी. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो त्या दिवसांत तर मोठ्या अपडेटला हात लावूच नये. मध्येच वीज गेली तर दुरुस्त करणारा माणूसही पोचणार नाही.

विंडोज ११ न चालणाऱ्या संगणकासाठी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम हाही चांगला मार्ग आहे. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराची दीर्घ मुदतीची आवृत्ती दोन वर्षांनी येते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. शाळेतल्या आणि वाचनालयातल्या जुन्या संगणकांवर ती मी निःशंकपणे घाला म्हणेन. सेवा केंद्राने मात्र आधी बोटांच्या ठशाचे यंत्र, डिजिटल सहीचे टोकन आणि प्रिंटर पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवर लावून पाहावेत. तिन्ही चालले तरच हार्ड डिस्कवरचे विंडोज काढावे.