मोटारसायकलचे मागचे शॉकअप घरी कसे बदलावे?

शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे आपल्या बोलण्यातला शॉकअप, कमरेला धक्का बसू नये म्हणून असतो असं बऱ्याच जणांना वाटतं. ते खरं आहे, पण अर्धंच. त्याचं मोठं काम चाक रस्त्याला टेकवून ठेवण्याचं आहे. टायर रस्त्यावर दाबलेला असेल तरच ब्रेक लागतो. म्हणूनच झिजलेला शॉकअप हा नुसत्या आरामाचा प्रश्न नाही, जिवाचा आहे.

शॉकअप कसा काम करतो?

खड्ड्यात स्प्रिंग दाबली जाते आणि तिच्यात स्थितिज ऊर्जा साठते. नुसती स्प्रिंग असती तर गाडी चेंडूसारखी उड्या मारत राहिली असती. म्हणून आत तेल आणि दट्ट्या असतो. तेलाला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते, त्यामुळे हालचाल मंदावते आणि ऊर्जेची उष्णता होते. तेलाचं सील झिजलं की तेल गळतं आणि उड्या सुरू होतात.

झिजला हे कसं ओळखाल?

सीटवर जोरात दाब देऊन सोडा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीन वेळा डुलली किंवा दांड्यावर तेलाचा ओलावा दिसला, तर शॉकअप संपला समजा. खड्ड्यात खटखट आवाज येत असेल तर रबरी बुशही तपासा.

बदलण्याची पद्धत

ही कृती दोन बाजूंना दोन शॉकअप असलेल्या गाडीची आहे. काम घरातल्या मोठ्यांसोबतच करा.

१. सपाट जमिनीवर गाडी मेन स्टँडवर लावा. पुढच्या चाकाला विटा लावा. सायलेन्सर थंड होऊ द्या.

२. वायसर कोणत्या क्रमाने बसलेत त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

३. एका बाजूचे वरचे-खालचे नट रिंग पान्याने सोडवा. शॉकअप काढून लगेच त्या जागी नवा बसवा. मगच दुसरी बाजू खोला. दोन्ही एकदम काढले तर चाकाला वरून आधारच राहत नाही.

४. भोक जुळत नसेल तर हातोडी मारू नका, चाक हाताने थोडं वर-खाली करा. रबरी बुशला ऑईल-ग्रीस लावू नका, रबर फुगतं.

५. नट किती आवळायचा त्याचं माप सर्व्हिस मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरमध्ये असतं. तेवढाच आवळा.

६. स्प्रिंग कमी-जास्त कडक करायची कडी दोन्हीकडे एकाच खाचेवर ठेवा.

शॉकअप नेहमी जोडीनेच बदला. एक नवा आणि एक जुना असेल तर दोन बाजूंवर सारखा भार येत नाही आणि वळणावर गाडी डगमगते.

हे मात्र घरी करू नका

शॉकअप खोलून स्प्रिंग काढू नका. ती दाबून बसवलेली असते, सुटली तर तोंडावर येईल. गॅसचा शॉकअप तर अजिबात उघडू नका. मोनोशॉक गाडीत मागचा सगळा भार एकाच शॉकअपवर असतो, ते काम मेकॅनिककडेच द्या.

शेवटी हळू वेगाने एक फेरी मारा, ब्रेक लावून बघा आणि परत आल्यावर चारही नट पुन्हा तपासा. ही पाच मिनिटं वाचवू नका.