घरात डेंग्यूचा रुग्ण आणि खिडकीची फाटलेली जाळी

डेंग्यूच्या रुग्णाला घरीच ठेवा असे सांगितले, की नातेवाईक प्लेटलेट्सबद्दल आणि पपईच्या पानांच्या रसाबद्दल विचारतात. खिडकीच्या जाळीबद्दल सहसा कोणी विचारत नाही. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो. या काळात त्याला चावलेला एडिस डास साधारण 8 ते 12 दिवसांनी इतरांना डेंग्यू देऊ शकतो, आणि जिवंत असेपर्यंत देत राहतो. एकाच घरात एकामागून एक माणसे आजारी पडण्याचे हे एक कारण आहे. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी जास्त. त्यामुळे तिन्हीसांजेला खिडक्या लावून घेण्याची आपली सवय इथे पुरेशी पडत नाही.

आधी तपासणी करा. दिवसा खोलीतला दिवा बंद करून जाळीकडे पाहिले की उजेडात भोके लगेच दिसतात. कोपरे आणि कडेचे रबर नीट बघा. सरकत्या खिडकीत जाळी धड असूनही डास येत असतील, तर दोन पल्ल्यांमधली फट तपासा. ती बंद करायला चिकटवायची ब्रशपट्टी मिळते. बाथरूमच्या काचेच्या झडपा विसरू नका; त्या जवळजवळ प्रत्येक घरात विसरल्या जातात.

आता जाळी अंगठ्याने हलके दाबा. उन्हाने नायलॉन कडक होते आणि दाबताच तडकते. अशी जाळी शिवण्यात अर्थ नाही, बदलाच. जाळी लवचिक असेल तर बोटाएवढे भोक सुई आणि नायलॉनच्या दोऱ्याने शिवता येते. भोक मोठे असल्यास चारही बाजूंनी इंचभर मोठा तुकडा लावून कडेने शिवा. चिकटपट्टी उन्हात सुटते; ती फक्त आजची रात्र काढण्यापुरती.

अॅल्युमिनियमच्या चौकटीची जाळी घरी बदलता येते. चौकट काढून सपाट जमिनीवर ठेवा, खाचेतले जुने रबर ओढून काढा. नवी जाळी सगळीकडून दोन इंच जास्त ठेवून कापा. मग रबर एका बाजूपासून खाचेत दाबत जा. जाळी फार ताणू नका, चौकट वाकते आणि पुन्हा फट पडते. जास्तीची कड शेवटी कापा. वेल्क्रोची जाळी असेल तर जुना गोंद पूर्ण काढून, चौकट पुसून, कोरडी करूनच नवी पट्टी चिकटवा. स्टीलच्या जाळीच्या कडा हात कापतात, हातमोजे घाला. छिद्रे साधारण सव्वा मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत. आणि लहान मूल जाळीला टेकले तर ती त्याचे वजन पेलत नाही. वरच्या मजल्यावर ग्रिल हवेच.

काम होईपर्यंत रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. डास घरातच पैदा होत असतील तर जाळीचा काही उपयोग नाही. कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासा.

तापाला डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉलच द्या. अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणे किंवा खूप गळून जाणे दिसले, तर ताप उतरलेला असला तरी ताबडतोब रुग्णालयात न्या. ही लक्षणे बहुधा ताप उतरतानाच दिसू लागतात.