तळचे मडके

जुन्या स्वयंपाकघरातली उतरंड आठवते ना? तळचे मडके हलले, की वरची सारी कोसळतात. भावनिक बुद्धिमत्तेचेही तसेच आहे. मेयर व सॅलोव्ही या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली तिची चार अंगे एकावर एक रचली: भावना ओळखणे, विचाराला तिची जोड देणे, तिचा अर्थ जाणणे आणि तिला आवरणे.

नवरस शिकविणारा मी. पण परवा घरचा राग घेऊन वर्गात शिरलो, हे माझे मलाच उमगले नाही! उशिरा आलेल्या विद्यार्थ्याचे मौन मला मग्रुरी वाटले. चारचौघांत त्याला नाही नाही ते बोललो. मागून कळले, त्याची आई आजारी होती.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात त्याची क्षमा मागितली. उतरंड पुन्हा रचायची, ती तळापासूनच!