घारापुरीला जाल तेव्हा

सुगी आटोपली, हाती चार पैसे आले की मुलाबाळांना मुंबई दाखवायचा बेत ठरतो. मग गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून लाँचने तासाभरात घारापुरीला पोचून तिथली लेणीही पाहून होतात. सोमवार तेवढा टाळा. त्या दिवशी लेणी बंद असतात.

या बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही गावे आहेत. लेणी १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. पण समुद्राखालून केबल टाकून गावात वीज यायला २०१८ साल उजाडले. इथल्या कितीतरी घरांची चूल पाहुण्यांवर चालते. पावसाळ्यात समुद्र खवळला, लाँच थांबली, की धंदाही थांबतो.

म्हणून एवढे करा. न्याहारीची शिदोरी न्या, पण दुपारचे जेवण बेटावरच्या माणसाच्या खानावळीत घ्या. "तुम्ही इथलेच का?" असे विचारायला लाजू नका. ग्रामपंचायत पाहुण्यांकडून थोडा कर घेते, तो कुरकुर न करता द्या. तो गावाच्या तिजोरीत जातो. पायऱ्यांवर काकडी-कैरी विकणाऱ्या मावशीशी फार घासाघीस करू नका. आठवडी बाजारात आपल्या भाजीचा भाव कुणी पाडला, तर आपल्या पोटात कसे कालवते, हे तुम्हाला का सांगायला हवे?

आपल्या एका जेवणाने गाव श्रीमंत होणार नाही. पण रोज असे पाहुणे आले, तर तिथल्या पोरांना कामासाठी मुंबईची लाँच धरावी लागणार नाही.