सुक्केरेत लपवू नये

सुक्केरेत, म्हणजे मधुमेह, आता आपल्यापैकी बऱ्याच घरांत मुक्कामाला आला आहे. कुपत होलीममध्ये डॉक्टरांपुढे आपण दहा मिनिटे बसतो. उरलेले दिवस घरात आणि नात्यागोत्यांत काढतो. आजारात शरीराबरोबर मन आणि समाज यांचाही वाटा असतो, असे अमेरिकन डॉक्टर जॉर्ज एंगल यांनी १९७७ साली मांडले.

चिंता वाढली की शरीरात कॉर्टिसोल वाढते आणि यकृत रक्तात जादा साखर सोडते. म्हणून पथ्य पाळूनही आकडा चढू शकतो. मन खचले की गोळी चुकते, फिरणे थांबते. एकट्याने राहणाऱ्याला स्वतःपुरते रांधायचा कंटाळा येतो आणि चहा-बिस्किटांवर भागते.

त्यात भर लाजेची. आपण आजार लपवतो. मलिद्याच्या वेळी यजमान म्हणतात, "एवढ्याने काय होतंय, घ्या!" आणि आपण गोड पोहे मुकाट्याने खातो. पुढे कधी साखर एकदम उतरली, घाम सुटून हातपाय कापू लागले, तर काय द्यावे हे शेजारच्याला कळत नाही.

म्हणून घरच्यांना आणि सिनेगॉगमधल्या शेजाऱ्याला सांगून ठेवावे. यजमानांनी आग्रह आवरावा. फळाची एक फोड आणि बेराखा पुरे. योम किप्पुरच्या उपासाबद्दल डॉक्टर व रब्बी यांना आधी विचारावे. पिक्कुआख नेफेश, जीव वाचवणे, उपासाहून मोठे. आणि मन उदास राहत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. तोही आजाराचाच भाग आहे.