बसकी गाडी आणि सासूबाईंचा मणका

मुलं गाडीला काय काय करून आणतात याकडे आपण फारसं लक्ष देत नाही. मीही दिलं नव्हतं. माझ्या मुलाने जुनी स्विफ्ट घेतली, ती आधीच्या मालकाने ‘लो’ करून घेतलेली. म्हणजे जमिनीला टेकल्यासारखी बसकी, मोठी अलॉय चाकं आणि त्यांवर पातळ पट्टीसारखे टायर. ‘‘आई, लुक बघ ना!’’ लेक म्हणाला. खरं सांगते, मलाही आवडली. बचत गटाच्या मेळाव्याला मी त्याच गाडीतून ऐटीत उतरले होते.

ती ऐट जिरली उदगीरच्या रस्त्यावर. सासूबाईंना डोळे दाखवायला जळकोटहून निघालो होतो. वय शहात्तर, मागच्या सीटवर बसलेल्या. वाटेतल्या एका गावात गतिरोधक आला, पट्टे पार पुसलेले. खाली चेंबर खरडल्याचा आवाज झाला आणि मागून ‘‘आई गं!’’ एवढंच ऐकू आलं. डोळ्यांचं राहिलं, हाडांच्या डॉक्टरांकडे जावं लागलं. एक्स-रेत कमरेचा मणका दबलेला दिसला. या वयात असा एक दणकाही पुरतो, असं डॉक्टर म्हणाले. पाळी गेल्यानंतर बाईची हाडं ठिसूळ होत जातात, हे मी शिबिरांतून इतकी वर्षं सांगतेय; आणि घरच्याच म्हातारीला मागच्या सीटवर बसवलं, जिथे दणका जास्त लागतो. एसटीत शेवटच्या बाकावर बसलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही.

तीन महिने कमरेला पट्टा. नातवाला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण बऱ्या झाल्यावर म्हणाल्या, ‘‘मला आपली एसटीच बरी माय. त्या डब्यात मी बसत नसते.’’ लेक खाली मान घालून उभा होता. दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, ‘‘आई, गाडी पहिल्यासारखी करायची.’’

उदगीरच्या एका जुन्या मिस्त्रीने गाडी उचलून आम्हाला खालून दाखवली. स्प्रिंगची वेटोळी चक्क ग्राइंडरने कापलेली! ‘‘ताई, स्प्रिंग कापली की ती कडक होते, आणि वर-खाली व्हायला जागाही उरत नाही. मग चाक खड्ड्यात गेलं की सगळा दणका आत बसलेल्याच्या कमरेत.’’ स्प्रिंग पुरती दबली की शेवटी एक रबर धक्का झेलतं, त्याचा तर चुरा झाला होता. चारही शॉकअप तेल गळून कोरडे. टायरची भिंतच पातळ, त्यामुळे हवेची गादीही नाही.

मूळ गाडीची जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर, म्हणजे १७ सेंटिमीटर. त्यातले पाचेक सेंटिमीटर कापण्यात गेले, माणसं बसली की आणखी कमी. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे चढ-उतार सावकाश होतो. आपल्याकडचे गतिरोधक कोणी मोजून केलेत, देव जाणे! त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता लाटांसारखा होतो. मुंबई-पुण्याची फॅशन इथे कशी चालायची?

कुणीतरी सुचवलं होतं, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे बफर घाला, स्वस्तात गाडी वर येईल. मिस्त्रीने साफ नाही म्हटलं. गाडी उंच दिसेल, पण स्प्रिंग आणखी कडक होईल. शेवटी कंपनीच्या मापाच्या चार स्प्रिंगा, चार शॉकअप, ती धक्का झेलणारी रबरं आणि मूळ मापाची चाकं-टायर बसवले. मग अलाइनमेंट. हवा किती भरायची ते दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, तेवढीच ठेवली. अलॉय विकून थोडे पैसे आले, बाकीचे लेकाने दोन हप्त्यांत दिले. मी दिले नाहीत, मुद्दामच.

तुमच्याकडेही जुनी गाडी घ्यायचं चाललं असेल तर बोनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डुलत राहिली तर शॉकअप गेलेत. चाक आणि वरच्या पत्र्यात दोन बोटंही मावत नसतील तर सरळ विचारा, स्प्रिंग कापलीय का? आणि मुलांना हेही सांगा की कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला एकेका बदलासाठी पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. माझ्या लेकाला ते ठाऊकच नव्हतं, आणि मला तरी कुठे होतं?

गाडी आली तरी सासूबाई आठ दिवस ढिम्म. शेवटी डोळ्यांची राहिलेली तपासणी निघाली. या वेळी पुढच्या सीटवर, पाठीला घडी घातलेली गोधडी. तो गतिरोधक जवळ आला तशा त्यांनी दोन्ही हातांनी वरचा दांडा पकडला आणि डोळे मिटले. लेकाने गाडी पहिल्या गिअरवर आणून हळूच पलीकडे नेली.

थोडं पुढे गेल्यावर डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, ‘‘गेला का रं?’’